खोडलेलं खत आणि मनगटावरचा दोरा

‘शिवू नको, चाखू नको, हात लावू नको.’ नव्या करारातल्या कलस्सैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात, २१व्या वचनात, प्रेषित पौल हे तीन हुकूम एका दमात म्हणून दाखवतो. मराठी कानाला यातला पहिला शब्द सगळ्यात आधी टोचतो. अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर) भागातल्या कितीतरी ख्रिस्ती घरांचे पूर्वज ज्या वाड्यांतून आणि वस्त्यांतून आले, तिथे ‘शिवू नको’ हे जन्मभर ऐकावं लागणारं वाक्य होतं. विहिरीला शिवू नको, देवळाच्या पायरीला शिवू नको, सावलीसुद्धा पडू देऊ नको. त्यांच्या नातवंडांनी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, येऊन पुन्हा ‘हे शिवू नको, ते चाखू नको’ अशा याद्या पाठ कराव्यात, याचं मला फार वाईट वाटतं.

पौल या तीन हुकमांना ‘जगाच्या प्राथमिक शिक्षणा’शी जोडतो. आपल्या नेहमीच्या मराठी पवित्र शास्त्रात हाच शब्दप्रयोग आहे, आणि तो वाचून बहुतेकांच्या डोळ्यांपुढे जिल्हा परिषदेची शाळा येते. मूळ ग्रीक शब्द आहे ‘स्तोइखेइया’. रांगेत ओळीने मांडलेल्या गोष्टी, असा त्याचा मुळातला अर्थ. त्यावरून मुळाक्षरं, त्यावरून कुठल्याही विद्येचे पहिले धडे, त्यावरूनच पृथ्वी, पाणी, वारा, अग्नी ही मूलतत्त्वं. पुढच्या काळातल्या लिखाणात तर ग्रहताऱ्यांवर राज्य करणाऱ्या आत्म्यांनाही हाच शब्द लागलेला दिसतो. नव्या करारात तो सात वेळा येतो: गलतीकरांत ४:३ आणि ४:९, कलस्सैकरांत २:८ आणि २:२०, इब्री ५:१२, आणि २ पेत्र ३:१० व ३:१२. इब्रीकरांस पत्रात अर्थ सरळ ‘बाराखडी’ असा आहे. पेत्राच्या पत्रात तो जळून वितळणाऱ्या तत्त्वांचा आहे. गलती आणि कलस्सै या दोन पत्रांत मात्र बाराखडी आणि सत्ता या दोन्ही छटा एकमेकींत मिसळल्या आहेत. अभ्यासकांचा यावरचा वाद जुना आहे. माझं मत असं, की पौलाला तो मिसळलेला अर्थच हवा होता. धर्माची बाराखडी माणसाला नुसती शिकवत नाही, ती त्याच्यावर राज्यही करू लागते.

कलस्सै आज तुर्कस्तानातल्या देनिझली शहराजवळ, होनाझ गावालगतची एक टेकडी आहे. लूकस नदीच्या त्या खोऱ्यात तीन शहरं होती. लावदिकीया काळ्या लोकरीसाठी प्रसिद्ध, हेरापली गरम झऱ्यांसाठी (तेच आजचं पामुक्कले), आणि कलस्सै पूर्वी मोठं पण पौलाच्या काळी उतरणीला लागलेलं. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार योसेफस सांगतो, की अंतियोख तिसरा या राजाने मेसोपोटेमिया आणि बाबेल इथून २,००० यहुदी कुटुंबं लुदिया आणि फ्रुगिया या प्रांतांत आणून वसवली. कलस्सै फ्रुगियातलंच. म्हणजे शब्बाथ (यहुद्यांचा आठवड्याचा विसाव्याचा दिवस) पाळणारे शेजारी तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहत होते, आणि त्याच गल्लीत स्थानिक देवदेवता, ग्रह, गंडेदोरे, कौल घेणं हेही चालू होतं. मंडळी स्थापन केली पौलाचा सहकारी एपफ्रास याने. पौलाने ती पाहिलेली नव्हती, हे २:१ वरून कळतं. हे पत्र पौलाच्या शिष्याने लिहिलं असावं असं काही अभ्यासक मानतात. मी परंपरेप्रमाणे पौलाचंच धरून चालतो.

तिथल्या शिकवणुकीत काय काय होतं, ते २:१६ ते २३ मध्ये सापडतं: खाण्यापिण्याचे नियम, सण, चंद्रदर्शन, शब्बाथ, देहदंड, लीनतेचा देखावा, देवदूतांची उपासना, आणि पाहिलेल्या दृष्टान्तांचा तोरा. इथे मराठी वाचकाची एक हमखास चूक होते. भाषांतरात चंद्रदर्शनाच्या जागी ‘अमावास्या’ शब्द आला की आपल्याला ती अशुभ, घराबाहेर न पडण्याची रात्र वाटते. यहुदी पंचांगात नव्या चंद्राने महिना सुरू होई आणि तो आनंदाचा दिवस असे. गणना १०:१० प्रमाणे कर्णे वाजत आणि गणना २८:११ प्रमाणे होमार्पणात २ गोऱ्हे, १ मेंढा आणि ७ कोकरं असत. देवाने स्वतः नेमलेला दिवस होता तो. पौलाचं म्हणणं तिथेच धारदार होतं: तो दिवसही सावली होता, शरीर ख्रिस्ताचं आहे. सावली खोटी नसते, ती कुणाची तरी असते. पण माणूस स्वतः दारात येऊन उभा राहिल्यावर अंगणातल्या त्याच्या सावलीला कुणी मिठी मारत नाही.

२:१८ मधला एक शब्द अजून पुढे नेतो: ‘एंबातेउओ’, आत पाऊल टाकणं. एफिसच्या उत्तरेला क्लारोस इथे अपोल्लोचं कौल देणारं देऊळ होतं. तिथल्या दुसऱ्या शतकातल्या शिलालेखांत, दीक्षा घेऊन आतल्या भागात शिरणाऱ्यांसाठी हाच शब्द वापरला आहे, आणि लावदिकीयेहूनही शिष्टमंडळं तिथे जात. कलस्सैत याच प्रकारची दीक्षा घेतलेला कुणी मंडळीत येऊन मिरवत होता का, हे शब्दावरून सिद्ध होत नाही. पण ‘मी आतलं पाहून आलो, तुम्ही अजून उंबऱ्यावर’ हा सूर मात्र ओळखीचा आहे.

हे आजार एका पिढीत गेले नाहीत. पौलानंतर तीनशे वर्षांनी, ३६४च्या सुमारास, शेजारच्याच लावदिकीयेत धर्मसभा भरली. तिचे नियम वाचून अंगावर काटा येतो. २९वा नियम: ख्रिस्ती लोकांनी यहुदी रीतीने शब्बाथ पाळू नये. ३५वा: देवदूतांची नावं घेऊन वेगळी सभा भरवू नये. ३६वा: धर्मसेवकांनी जादूटोणा, ज्योतिष करू नये, ताईत बनवू नयेत. लक्षात घ्या, हा शेवटचा नियम धर्मसेवकांसाठी आहे. ताईत बनवणारे हात वेदीपाशीच होते.

आता १४वं वचन. ख्रिस्ताने आपल्याविरुद्धचं ऋणखत खोडलं आणि वधस्तंभाला खिळून रद्द केलं. ‘खेइरोग्राफोन’ म्हणजे हाताने लिहिलेलं. हा धर्मशास्त्रातला शब्द नव्हे, बाजारातला आहे. इजिप्तच्या वाळूत अशी खतं ढिगाने सापडली आहेत. त्यांत ऋणकोचं नाव, धनकोचं नाव, रक्कम, मुदत, व्याज (रोमी अंमलात बहुधा शेकडा १ दरमहा, म्हणजे साल १२ टक्के), आणि न फेडल्यास दंड असे. मुख्य अंग म्हणजे ऋणकोच्या तोंडचं वाक्य: मी घेतले, मी फेडीन. ज्याला लिहिता येत नसे त्याच्या वतीने दुसरा लिही आणि तसं नमूद करी. आपल्याकडे जुन्या कागदांवर कुणब्याची ‘निशाणी नांगर’ असे तसंच. कर्ज फिटलं की त्या कागदावर आडव्या-तिरप्या रेघांची फुली मारत. इसवी सन ८५ मधला एक पपायरस (लव्हाळ्यापासून केलेला कागद) आहे, त्यात रोमी सुभेदार सुनावणीत अशा खतावर फुली मारण्याचा हुकूम देतो. पौलाने वापरलेलं क्रियापद मात्र ‘पुसून टाकणं’ असं आहे. काजळी, डिंक आणि पाणी यांची ती शाई पपायरसवर बसत असे, आत मुरत नसे. ओल्या स्पंजाने ती पुसली जाई.

हे खत म्हणजे मोशेचं नियमशास्त्रच, असं घाईने म्हणू नये. इथे बरेच प्रवचनकार घसरतात. नियमशास्त्र पवित्र आहे, असं पौलच रोमकरांत ७:१२ मध्ये म्हणतो. खिळला गेला तो आपल्या कबुलीचा कागद: हे विधी मला मान्य होते आणि मी ते पाळले नाहीत.

महाराष्ट्राला या चित्राचं वजन समजावून सांगावं लागू नये. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकरी सावकारांच्या दारी गेले आणि त्यांनी काय मागितलं? खतं. कागद. नगर जिल्ह्यातही ठिकठिकाणी खतांच्या होळ्या पेटल्या. त्या माणसांना वाचता येत नव्हतं, पण आपली जमीन, बैल आणि पोराबाळांचं जगणं त्या एका कागदाला टांगलेलं आहे, हे पक्कं कळत होतं. फेडलेल्या रकमेची पावती न देणं, जुनं खत परत न करणं, त्यावरच पुन्हा दावा लावणं, या त्यांच्या तक्रारी होत्या. सुप्यात ऋणकोंनी कागद हिसकावला. कलस्सैकरांत मात्र ज्याचं येणं आहे तोच कागद घेतो, पुसतो आणि खिळतो. त्यामुळे त्या खतावर उद्या कुणाला दावा लावता येत नाही.

आणि म्हणून लगेच १५वं वचन. सत्ताधीश आणि अधिकारी, म्हणजे माणसाला धाकात ठेवणाऱ्या अदृश्य शक्ती, यांना नाडून त्याने त्यांचं उघड प्रदर्शन केलं. इथलं क्रियापद रोमी विजययात्रेचं आहे: पुढे साखळदंडात हरलेले सरदार, मागून रथात सेनापती, दुतर्फा शहर. या दोन वचनांमधला सांधा समजला की सगळा अध्याय उलगडतो. सत्तांच्या हातात तलवार नव्हतीच, खत होतं. ‘सैतान’ या शब्दाचा अर्थच विरोधी पक्षकार, फिर्यादी. फिर्यादीचा कागद पुसला की त्याच्याकडे आवाज उरतो, दावा उरत नाही. शिवाय १:१६ प्रमाणे राजासनं, अधिपत्यं, सत्ता, अधिकार हे सगळं ख्रिस्ताच्या ठायी निर्माण झालेलं आहे. ते त्याचे बरोबरीचे नव्हेत.

मंडळीतला कडक नियम आणि मनगटावरचा काळा दोरा, हे दोन वेगळे प्रश्न नाहीत, असं मी ठामपणे म्हणतो ते यावरूनच. दोन्हीकडे माणूस फिटलेल्या कर्जाचा हप्ता भरत असतो.

नियम कसा तपासावा, याची खूण पौल याच परिच्छेदात देतो. पहिली गोष्ट, हा नियम कुणाला दोष लावायला वापरला जातो का? १६व्या वचनात ‘सण पाळू नका’ असं लिहिलेलं नाही, ‘कुणी तुम्हाला दोष लावू नये’ असं आहे. चाळीस दिवसांचा उपासकाळ पाळणाऱ्या वसईच्या कुटुंबाला आणि तो न पाळणाऱ्या नगरच्या कुटुंबाला रोमकरांस १४:५-६ सारखंच लागू आहे: प्रत्येकाने आपल्या मनाची खात्री करून घ्यावी, आणि जे करायचं ते प्रभूसाठी करावं. उपास मोडला म्हणून सुनेला प्रार्थनेला बसू न देणं, बांगड्या घातल्या म्हणून प्रभुभोजन नाकारणं, इथे मात्र सावली न्यायाधीश होऊन बसते. दुसरी गोष्ट १९व्या वचनात आहे: नियमाने माणूस मस्तकाला, म्हणजे ख्रिस्ताला, जास्त धरून राहतो की नियम सांगणाऱ्याला? नियम सांगणारा गाव सोडून गेला आणि सगळ्यांची प्रार्थना थंडावली, तर उत्तर मिळालं. तिसरी गोष्ट सगळ्यात व्यावहारिक, २३व्या वचनात. अशा नियमांना ज्ञानाचा देखावा असतो, पण देहस्वभावाच्या लालसेला आवर घालण्यात त्यांचा उपयोग नसतो. मटण सोडलेल्या महिन्यात जिभेवरचा राग वाढला की कमी झाला, हे घरातल्यांना विचारावं. टीव्ही घराबाहेर काढला आणि शेजाऱ्याचा बांध कोरणं चालूच राहिलं, तर नियमाने काहीच बांधलेलं नाही. पौल ज्याला लालसेवरचा खरा उपाय मानतो तो तिसऱ्या अध्यायात आहे: राग, क्रोध, दुष्टपणा, निंदा, खोटं बोलणं काढून टाका, करुणा, ममता, सहनशीलता धारण करा. ते अवघड आहे आणि त्याची यादी भिंतीवर लावून हजेरी घेता येत नाही. माणसं सोप्या यादीकडे वळतात ती म्हणूनच.

सत्तांच्या भीतीचं तसंच. ख्रिस्ती घरात अमावास्येला नवी गाडी न काढणं, लग्नाची तारीख ठरवताना पाद्रीबाबांच्या आधी गुपचूप पत्रिका दाखवून येणं, बाळाच्या कंबरेला काळा दोरा, हे चालतं हे सगळ्यांना माहीत आहे. त्याहून लपून राहणारा प्रकार म्हणजे दोरा काढून त्याच जागी ख्रिस्ती दोरा बांधणं: आशीर्वादित तेलाची बाटली दारावर टांगणं, सेवकाचा रुमाल उशीखाली ठेवणं, ९१वं स्तोत्र घडी करून पाकिटात ठेवणं. हेही नवं नाही. ग्रीक भाषेतलं हेच स्तोत्र लिहिलेले पुरातन ताईत मोठ्या संख्येने सापडले आहेत. पण मत्तय ४:६ उघडून पाहा. मंदिराच्या शिखरावर येशूपुढे याच स्तोत्राचं वचन कोण म्हणून दाखवतो? सैतान. स्तोत्र तेच, पण भरवशाचं वचन म्हणून ते धरणं वेगळं आणि देवाला कामाला लावणारा मंत्र म्हणून ते वापरणं वेगळं.

काढायचं कसं? प्रेषितांची कृत्ये १९:१८-१९ मध्ये क्रम दिलेला आहे. एफिसकरांनी आधी येऊन आपली कृत्यं कबूल केली, मग जादूची पुस्तकं आणून सर्वांसमोर जाळली. किंमत भरली ५०,००० रुपये, म्हणजे चांदीची नाणी. एका नाण्याला साधारण एका दिवसाची मजुरी, यावरून हिशेब करावा. ती पुस्तकं त्यांची स्वतःची होती, आणि ती त्यांनी विकली नाहीत. यातून दोन गोष्टी निघतात. दोरा ज्याच्या हातावर आहे त्यानेच तो तोडावा. आजारी सासूच्या गळ्यातला ताईत ती झोपलेली असताना कापणं हे विश्वासाचं काम नव्हे, आणि शेजाऱ्याच्या देव्हाऱ्याला हात लावण्याचा तर प्रश्नच नाही. आणि तोडण्यासाठी वेगळा विधी, वेगळी रात्र, वेगळं तेल लागत नाही. कात्री पुरते. त्यानंतर मात्र जागा रिकामी ठेवू नये. मत्तय १२:४३-४५ मधलं झाडून लोटून ठेवलेलं घर रिकामं होतं म्हणूनच निघून गेलेला अशुद्ध आत्मा आणखी सात जणांना घेऊन परत आला. निदान पहिले काही आठवडे रोज कलस्सैकर १:१५-२० आणि २:९-१५ मोठ्याने वाचावं, दोघांतिघांनी मिळून. भीती वाटली तर ती बोलून दाखवावी. दोरा काढल्यावर दुसऱ्याच दिवशी ताप आला तर तो ताप आहे. डॉक्टरकडे जावं.

औषधाचं हे मी मुद्दाम लिहितो. फिटच्या गोळ्या, मधुमेहाचं इन्सुलिन, मनाच्या आजाराची औषधं ‘बंधनमुक्ती’च्या नावाखाली बंद करायला लावणारे आहेत. अचानक बंद केलेल्या फिटच्या गोळीने जीव जाऊ शकतो. सत्तांचा पाडाव सांगणारं हेच पत्र शेवटी, ४:१४ मध्ये, ‘प्रिय वैद्य लूक’ याचा सलाम पोचवतं.

तसंच पैशाचं. तुमच्या घराण्यावर शाप शिल्लक आहे, तो तोडायला एकवीस दिवसांची साखळी आणि अमुक रकमेचं बी पेरावं, म्हणजे तेवढं दान द्यावं लागेल, असं कुणी म्हणालं तर सुप्याच्या शेतकऱ्यांची आठवण ठेवा. फिटलेल्या खतावरची ही वसुली आहे. असं मागणाऱ्याला २:१४ वाचून दाखवावं आणि पाकीट बंद ठेवावं.

मोकळीक मनमानीसाठी नाही, हे गलतीकरांत ५:१३ मध्ये लगेच सांगितलंय. मूर्तीला दाखवलेल्या अन्नाबद्दल १ करिंथ ८ मध्ये पौल म्हणतो, की मूर्ती काही नाही हे ज्ञान बरोबर आहे. पण माझ्या खाण्याने भाऊ अडखळत असेल तर मी मांस कधीच खाणार नाही. ही स्वेच्छेने ओढून घेतलेली मर्यादा आहे, भावासाठी. दुसऱ्याने भीती घालून लादलेला नियम बाहेरून अगदी असाच दिसतो, म्हणून फसगत होते.

कलस्सैकरांचं पत्र पौलाचा सहकारी तुखिक घेऊन गेला आणि त्याच्याबरोबर अनेसिम होता, तिथलाच, फिलेमोनाचा गुलाम. त्याच्यासाठी पौलाने फिलेमोनाला वेगळी चिठ्ठी लिहिली. तिच्या १८ आणि १९व्या वचनात तो म्हणतो, की त्याने तुझं काही नुकसान केलं असेल किंवा काही देणं असेल तर ते माझ्या नावावर मांड. मी पौल हे माझ्या हाताने लिहितो, मी फेडीन. ऋणकोचं नाव, स्वतःचा हात, फेडण्याचं वचन: त्या दोन ओळी म्हणजे रीतसर खत आहेत, दुसऱ्याच्या कर्जावर स्वतः तुरुंगात असलेल्या माणसाने लिहून दिलेलं. फिलेमोनाने त्या कागदाचं पुढे काय केलं, ते कुठे लिहिलेलं नाही.